मीटरभर अंतर
बाबा गेल्यावर त्यांचा कॅमेरा मोडीत निघाला, लेन्स मात्र ठणठणीत होती. आज अडॅप्टर आणून ती मी माझ्या नव्या कॅमेऱ्यावर चढवली आणि आईला खिडकीपाशी उभं केलं. लेन्स ओळखताच ती आपसूक मागे सरकली. “मागे कशाला जातेस?” “तुझे बाबा ओरडायचे ना! ‘मागे हो, ही लेन्स मीटरभराच्या आतलं धूसर दाखवते.’ मी जरा लाडात पुढे गेले की लगेच, ‘मागे हो!’ जन्मभर या सवतीनं मला लांब ठेवलं.” “आता ये खुशाल. हा अडॅप्टर लेन्सला पुढे सरकवतो, जवळचंही स्पष्ट येतं.” “खरंच?” चष्मा काढून ती पुढे आली. स्क्रीनवर चेहरा मावेना, मग नुसते डोळेच उरले. “आई, बास, थांब.” ती थांबली नाही. लेन्सच्या काचेला गाल टेकवून पुटपुटली, “आता म्हणा की, मागे हो!”