सासूबाईंची मुलाखत

"आता तुम्ही दोघं जरा आत जा. मला आजींशी एकांतात बोलायचंय," संस्थेच्या बाई म्हणाल्या आणि सुनेने नवऱ्याकडे पाहिलं.

मूल दत्तक घ्यायचं म्हणून नवरा-बायकोने या संस्थेचे उंबरठे तीन वर्षं झिजवले होते. आजची ही घर पाहायची शेवटची भेट. या बाई अहवालात काय लिहितात, त्यावर मूल घरी येणार की नाही ते ठरायचं होतं. आणि सगळं येऊन अडलं होतं सासूबाईंच्या जिभेवर!

सासूबाईंची अख्खी नोकरी दुकानांमधली वजनं आणि तराजू तपासण्यात गेलेली. सख्ख्या भावाच्या दुकानातला तराजू खोटा निघाला तर तो जप्त करून आणणारी बाई ही. आणि त्याच दिवशी जेवायलाही त्याच्याकडेच गेली म्हणे! अशा बाईला सुनेने काल पढवून ठेवलं होतं, "आई, विचारतील त्याला फक्त हो म्हणा. उगाच फाटे फोडू नका." त्या "बरं" म्हणाल्या होत्या. ते "बरं" सुनेला तेव्हाच आवडलं नव्हतं.

दोघं स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून त्या बोलायच्या मोठ्याने, आणि बाईंनाही तसंच बोलावं लागत होतं. दार लोटलेलं असूनही शब्द न् शब्द आत येत होता.

"घरात लहान मूल येणार, आजी. कसं वाटतंय?"

"सांगते. आधी उठा बघू. गॅलरी तुम्ही दारातूनच पाहिलीत. कठडा हलवून पाहिलात?"

लोखंड करकरलं.

"हलतोय ना? आणि ही खालची फट बघा. तीन वर्षांच्या पोराचं डोकं आरामात जाईल. माझ्या मुलाला दोनदा सांगितलं. करतो म्हणाला. तो करतो म्हणतो, करत नाही. लिहा."

नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

"माझ्या गोळ्यांचा डबा उशाशी असतो, तोही लिहा. उंचावर ठेवायला हवा. आणि हा मुलगा माझा, हात उगारणार नाही कधी, पण चिडला की दोन-दोन दिवस तोंड उघडत नाही. लहान पोराला काय कळणार? त्याला वाटेल, आपलंच काहीतरी चुकलं. लिहा."

"तुझी आई आपली वाट लावणार," सून कुजबुजली.

"एक शब्द खोटा नाही बोलली ती."

"तेच तर म्हणतेय मी!"

बाहेर पान उलटल्याचा आवाज झाला. "आणि आजी, तुमची स्वतःची संमती आहे ना?"

याचं उत्तर काल चार वेळा घोकून घेतलं होतं. सुनेने दाराला कान लावला.

"तीन वर्षं नव्हती," सासूबाई म्हणाल्या.

तीन वर्षांत त्या कधी नको म्हणाल्या नव्हत्या. कधी हवंही म्हणाल्या नव्हत्या, हे सुनेला आत्ता आठवलं.

"का हो आजी?"

"भीती वाटायची. परक्याचं पोर. मला त्याची माया नाही आली तर? मला मनात एक, तोंडावर एक असं जमत नाही. आणि पोरांना ते बरोब्बर कळतं."

"मग आता?"

"आता असं बघा. आत ती दाराला कान लावून उभी आहे ना..." सून दचकून मागे सरली. "तीसुद्धा परकीच. सव्वीस वर्षांची घोडी, आपल्या सगळ्या सवयी घेऊन आली. मला नाही आवडली. अकरा महिने मी तिच्याशी धड बोलले नाही. तिने काही म्हणता काही केलं नव्हतं हो. आणि गेल्या महिन्यात ती चार दिवस दवाखान्यात होती, तर मला घर खायला उठलं. मुलगा होता घरात, तरी!"

पुन्हा पान उलटल्याचा आवाज झाला.

"माया कधी येईल ते माझ्या हातात नाही, बाई. पण बोलणं तर आहे! हिने ते अकरा महिने निभावून नेले, ही मोठी होती. लहान पोर कसं निभावेल? या वेळी पहिल्या दिवसापासून बोलायचं, असं ठरवलंय मी. लिहा तेही."

कुणी बोलावलं नव्हतं, तरी सून दार ढकलून बाहेर आली. डोळे पुसायचंही तिला भान नव्हतं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"कठडा पक्का करून घ्या. गोळ्यांचा डबा वर ठेवा. आठवड्याने मी तेवढंच बघायला येईन."

"आणि अहवाल?" नवऱ्याने मागून घाबरत विचारलं.

"मूल द्यावं, असं लिहिणार आहे. अशा घरात नाही द्यायचं तर कुठे?"

"आधी कठडा बघा, मग लिहा," सासूबाई म्हणाल्या.

बाई हसत हसत जिना उतरून गेल्या. नवरा पाना शोधायला धावला. सून सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

"आई, अकरा महिने काही नव्हते हो," ती म्हणाली. "पाच-सहा असतील फार तर."

"अकरा," सासूबाई म्हणाल्या. "उगाच कमी करू नकोस."