ठकूचं गाणं

सामुदायिक रेडिओच्या एवढ्याशा स्टुडिओत धाकट्या भावाची थेट मुलाखत चालली होती. काचेच्या अलीकडे ताई हेडफोन लावून आवाज सांभाळत होती. लोकगायक म्हणून भावाचं नाव आता कुठे होऊ लागलं होतं. त्याला इथे बोलवा, म्हणून तिनेच स्टेशनवाल्यांच्या मागे लकडा लावला होता. आत जाताना तो म्हणालाही होता, "ताई, आज सगळ्यांना तुझ्याबद्दल सांगतो बघ."

गाणं संपलं. निवेदिका भारावून गेली. "कुणाचं हो हे गाणं? आणि ही रुसलेली ठकू कोण?"

भावाने काचेकडे बघायचं टाळलं. "जुनं लोकगीत आहे. कुणी रचलं, कुणालाच ठाऊक नाही. खेडोपाडी पायपीट केली, तेव्हा एका म्हातारीकडून मिळालं. ठकू म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीची कुणी सासुरवाशीण असावी."

ताईने चमकून काचेपलीकडे पाहिलं. पायपीट म्हणे! कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी याच्या जिवावर यायचं. पण हात सवयीने चालत राहिले. त्याचा आवाज जरा कापत होता, तोही तिनेच सारखा करून दिला.

"आता श्रोत्यांचे फोन घेऊ या," निवेदिका म्हणाली.

पहिलाच नंबर ताईच्या घरचा होता. एरवी कार्यक्रम चालू असताना घरचा फोन ती कापायची. आज तिने तो सरळ आत सोडला.



"मामा, मी ठकू बोलतेय! आईने माझ्यासाठी केलेलं गाणं तू किती मस्त म्हटलंस!"