बुआलेमचा मुखवटा

अल्जेरियातल्या ओरान शहरातल्या बुआलेमचा श्वास झोपेत मध्येच थांबायचा. बायको खैरा कोपराने ढोसायची, तेव्हा कुठे घरघरत सुरू व्हायचा. वर्षानुवर्षं ती कान लावून जागीच असायची. डॉक्टरांनी दिलेल्या, झोपेत हवा पुरवणाऱ्या यंत्राचा मुखवटा दाढीवर बसेना, हवा निसटायची. वैतागून त्याने यंत्र पलंगाखाली ढकललं. आज खैराने त्याला दवाखान्यात ओढत आणलं. "दाढी काढा ना, काका," नर्स म्हणाली. "मग ही मला घरात घेईल?" बुआलेमने खैराकडे बोट दाखवलं. "घेईन! आधी जिवंत तर राहा," खैरा कडाडली. नर्सने हसून फक्त नाकपुड्यांवर टेकणारा मुखवटा लावला. बुआलेम आडवा झाला आणि त्याला डुलकी लागली. श्वास एकसारखा चालू लागला. थोड्या वेळाने जागा होऊन, मुखवटा काढून तो म्हणाला, "जमलं गं!" खुर्चीतच खैरा गाढ झोपली होती. नर्स तिला हलवून जागं करायला निघाली. "उठवू नको, पोरी," तो कुजबुजला आणि मुखवटा लावून पुन्हा आडवा झाला.