दुर्गाचं भांडण

“कुंकू पुसू नकोस,” काशीबाई सुनेला म्हणाली. “बांगड्यांना हात लावू नकोस. नि रडलीस तर बघ.”

रखमाचा कपाळाकडे गेलेला हात तसाच राहिला. गिरणीतला गंगाधर आत्ताच दाराआडून सांगून गेला होता. रखमाचा नवरा, दगडू, गेला. साच्यावर काम करता करता त्याला ताप भरला, काखेत गाठ दिसली आणि त्याला परस्पर प्लेगच्या इस्पितळात उचलून नेलं. तिथं शेवटपर्यंत विचारत होते, राहतोस कुठं? पठ्ठ्यानं भलतीच चाळ सांगितली. घरात आपली पोर नलू तापानं पडलीय, हे त्याला ठाऊक होतं.

चार वर्षांची नलू माळ्यावर गोधड्यांच्या ढिगामागं फणफणत होती. गाठ नव्हती, साधाच ताप होता. पण झडतीवाल्यांना कोण समजावणार? ताप दिसला की पोर इस्पितळात आणि घरची माणसं छावणीत. लालबागेतून अशी गेलेली पोरं परत आलेली कुणी पाहिली नव्हती. आणि झडती नेमकी आज आली होती. जिन्यावर बूट वाजत होते.

“माझ्या पोटचा गोळा व्हता तो,” काशीबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. “मी रडतंय काय? गेला तो गेला. माळ्यावरची अजून आपल्या हातात हाय. दारात उभी ऱ्हा. नवरा कामावर गेलाय, एवढंच सांग.”

रखमा दारात उभी राहिली. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. हुंदका वर येत होता आणि ती तो गिळत होती. किती गिळणार? बाई आहे की रांजण? गोरा साहेब आणि शिपाई गॅलरीत आले. एकेक दार उघडून बघत ते पुढं सरकत होते. ते जवळ आले तसे रखमाचे ओठ थरथरायला लागले. आता ही फुटणार, हे काशीबाईनं ओळखलं आणि डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून दुर्गा बाहेर आली. ही दुर्गा एकटी विधवा बाई, पण जिभेला हाड नाही. नळावर हिच्याशी भांडली नाही अशी बाई चाळीत नव्हती. दोन खोल्यांमध्ये नुसत्या फळ्या. इकडचं कुजबुजणं तिकडं जायचं आणि तिथून चाळभर व्हायचं. म्हणून काशीबाई घरात खोकायचीसुद्धा जपून.

“सटवे! माझी घागर लाथाडलीस?” दुर्गा गरजली आणि तिनं सगळ्यांदेखत रखमाच्या थोबाडीत दिली. मग तिचे दोन्ही हात धरून दाराच्या चौकटीवर आपटले. बांगड्यांचा चुरा झाला.

चाळ हबकली. सवाशिणीच्या बांगड्या फोडल्या! “हात झडतील गं तुझे, मेले!” समोरून कुणीतरी किंचाळलं. रखमानं असा हंबरडा फोडला की साहेबानं कानांवर हात ठेवले. दोघी भर दारात एकमेकींना झोंबल्या. आत जायला वाट राहिली नाही.

“बायकांचं पाण्यावरून भांडण, साहेब. रोजचंच आहे,” शिपाई हसत म्हणाला. साहेबानं वैतागून छडीनं पुढचं दार दाखवलं. बूट पुढं गेले.

रखमा अजून ओरडत होती. दुर्गानं झिंज्या धराव्यात तसं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घट्ट दाबून धरलं होतं. तिनं तोंड रखमाच्या कानाशी नेलं.

“त्यांचा वरचा मजला अजून व्हायचाय,” दुर्गा हळूच म्हणाली. “मी शिव्या घालते, तोवर रडून घे बाय. आणि म्हातारीला बाहेर आण. तिलापण घालते.”