सेनापती नसलेली पोळी

वेम्बलीतल्या रविवारच्या मराठी वर्गात रघुवीर आजोबांनी ताटात एकच पुरणपोळी ठेवली.

"हे शंभर वर्षांपूर्वीचं तुर्कांचं साम्राज्य. महायुद्ध हरलेलं. तुम्ही चौघं ते युद्ध जिंकणारे देश, आणि निधी, तू तुर्कांची जनता. खऱ्या इतिहासात त्यांना एक सेनापती मिळाला, म्हणून देश वाचला. आपल्या खेळात तो जन्मलाच नाही. बघू या, निधीच्या वाट्याला काय उरतं ते!"

चौघांचे हात पोळीकडे झेपावले. सात वर्षांच्या निधीने ताटच ओढून पोटाशी धरलं.

"नॉट फेअर!" यतीन ओरडला. "तुझ्याकडे लीडरच नाहीये!"

"नसू दे. पोळी माझी आहे."

मग जी ओढाताण झाली, तीत यतीनच्या मनगटाला चावा बसला, पण ताट काही सुटलं नाही. लीडरशिवाय देश कसा बुडतो, हे आजोबांना आज शिकवायचं होतं. ते राहिलं बाजूला, त्यांना हसू आवरेना.

"शाब्बास, पोरी! घे, तुझा सेनापती तुला परत दिला."

निधीने ताट आणखी घट्ट धरलं.

"आता नको, आजोबा. आता तो पण तुकडा मागेल."