बसमधला वास

"ह्या बाईला इथंच उतरवा, नाहीतर मी उतरते!" वसुधाताईंनी बस डोक्यावर घेतली.

दहिसर चेकनाका नुकताच मागे पडला होता. टूर मॅनेजर प्रज्योत हातात माईक धरून तसाच उभा राहिला. उदयपूर, जयपूर, आग्रा अशी दहा दिवसांची सहल सुखरूप पार पडली म्हणून तो बिचारा आभार मानायला उठला होता.

'ही बाई' म्हणजे सखुबाई. वर्सोव्याची कोळीण. चाळीस वर्षं मासे विकून जन्मात पहिल्यांदा फिरायला निघालेली. एकट्या आलेल्या बायकांना टूरवाले जोडीने बसवतात, जोडीनेच खोली देतात. मुलुंडच्या निवृत्त मुख्याध्यापिका वसुधाताईंच्या वाट्याला ही आली. 'मासे विकते' एवढं ऐकलं आणि त्यांच्या कपाळाला जी आठी पडली, ती ताजमहालासमोरसुद्धा गेली नाही.

तशा वसुधाताई काटक. गुडघे वाकत नव्हते, रक्तातली साखर तर वीस वर्षांपासून वाढलेली. पण नवेकोरे बूट घालून चित्तोडगड अख्खा पालथा घातला. बाकीचे पायाचे फोड कुरवाळत बसले, तेव्हा त्या मिरवत म्हणाल्या, "मला बघा, काही म्हणून दुखत नाही!"

जयपुरात वास यायला लागला. कुजकट, गोडसर. हवामहालासमोर तोच, आमेरच्या शीशमहालात तोच. ताईंना शिसारी आली. "गाठोड्यात बोंबील भरून आणलेत हिने," त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. भांडून एकटीची खोली घेतली. सखुबाईची रवानगी बसच्या शेवटच्या सीटवर झाली. ती गाठोडं उचलून गेली.

वास काही गेला नाही. "सीटमध्ये मुरलाय मेला," ताई म्हणाल्या. पुढची-मागची माणसंही एकेक करून दुसरीकडे सरकली. सगळे आपल्याच बाजूचे आहेत, असा त्यांनी अर्थ घेतला. आग्र्यात त्यांच्या अंगात कसकस होती, एसीत हुडहुडी भरत होती. त्याचंही खापर सखुबाईच्याच डोक्यावर फुटलं.

"उघड तिचं गाठोडं, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!" ताई आता प्रज्योतवर कडाडल्या. "नाहीतर तुझ्या कंपनीची अशी तक्रार करते की बघच!"

"मावशी, सॉरी हं," म्हणत प्रज्योतने गाठ सोडली. आत दोन लुगडी, पेठ्याचा डबा आणि नातीसाठी घेतलेला संगमरवरी ताजमहाल, टॉवेलात गुंडाळलेला. बोंबलाचं शेपूटही नव्हतं.

"मग तिच्या अंगालाच असणार! जन्माचा वास तो, जातोय कुठे?"

 ऐकणाऱ्यांनीच लाजेने मान खाली घालावी असं ते बोलणं होतं. सखुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आता ही उतरून चालू पडणार, असं प्रज्योतला वाटलं. ती उठली, सीट धरत धरत पुढे आली आणि वसुधाताईंच्या पायाशी फतकल मारून बसली.

"मासली अशी वासत नाय, बाय," ती हळूच म्हणाली. "चालीस वर्सं नाकावर धंदा केलाय मी. लांबून वाटला कायतरी येगलाच हाय. तू मना जवल येऊ दिलास नाय, म्हनून इतके दिवस गप बसले."

वसुधाताईंनी किळसून तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर बोरिवलीचे टॉवर सरकत होते. सखुबाई खाली वाकून काहीतरी करत होती. बाजूच्या सीटवरून कोणीतरी "अगं आई गं!" म्हणून ओरडलं.

"खबरदार, माझ्या अंगाला हात लावलास तर!" ताई खिडकीकडे बघतच खेकसल्या.

"लावलाय कवाचा," सखुबाई म्हणाली. मग मान वर करून प्रज्योतला, "डायवरला सांग रं, बस हॉस्पिटलात घे."

वसुधाताईंनी चमकून खाली पाहिलं. बूट आणि मोजा बाजूला पडले होते, आणि त्यांची काळीनिळी, सडलेली टाच सखुबाईने कधीपासून दोन्ही हातांत घट्ट धरली होती.