सासऱ्यांची खाट

नट हलेना. सासऱ्यांनी पाना बदलला. मग पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून जोर लावला. मग खाटेच्या खुराला पाय टेकवून दोन्ही हातांनी ओढलं. नट ढिम्म. खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता.

"हे नट कुणी बसवले ते मला माहीत आहे," सासरे म्हणाले. "पण मी काही बोलणार नाही."

बोलणार नाही म्हणाले आणि बोलतच सुटले. त्यांची सगळी हयात बोटींच्या कारखान्यात फिटर म्हणून गेलेली. शिव्या तोंडपाठ होत्या. पण समोर उभा होता जावई, आणि जावयाला तोंडावर बोलायची चोरी. तेव्हा सगळा राग बिचाऱ्या नटावर निघत होता.

"काय रे, तुला आवळताना आट्यांना ग्रीस लावलं होतं का? नाही! हाताने सावकाश फिरवलं होतं का? नाही! स्टीलच्या बोल्टवर स्टीलचा नट कोरडा आवळला की तापतो, आट्यात आटा रुततो आणि दोघं एकजीव होतात, हे कुणी सांगितलं नव्हतं का? घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. पण ऐकायचंय कुणाला!"

जावई टॉर्च धरून, मान खाली घालून उभा होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा. घरात कुठलीही वस्तू दुरुस्त करायला त्याला बंदी होती, कारण मागे त्याने कॅलेंडरसाठी खिळा ठोकला तेव्हा भिंतीचं प्लास्टरच खाली आलं होतं.

खाट साधीसुधी नव्हती. कारखान्यात उरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांपासून सासऱ्यांनी ती स्वतः घडवली होती. दुसऱ्या कशावर त्यांना झोपच येत नसे. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते महिनाभरासाठी म्हणून लेकीकडे आले, तेव्हा खाटही सुटी होऊन त्यांच्यामागून आली. पाय प्लास्टरमध्ये नसला तरी पट्ट्यांत होताच. ते खुर्चीत बसून हुकूम सोडत होते आणि जावई जोडत होता. गोळ्यांच्या गुंगीत मध्येच त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा खाट तयार होती, वर चादरसुद्धा घातलेली होती. ते आडवे झाले आणि महिन्याची दोन वर्षं कधी झाली ते कुणालाच कळलं नाही.

काल मात्र लिफ्टमध्ये एका शेजाऱ्याने विचारलं, "अजून इथंच का?" त्याने आपलं सहज विचारलं, पण सासऱ्यांच्या ते जिव्हारी लागलं. सकाळी उठून त्यांनी टेम्पो ठरवला. लेक रडली, रुसली, अबोला धरून झाला. ते बधले नाहीत. "गुडघा बरा झाला. आता आपलं घर बरं," एवढंच पालुपद. आपल्या घरी, बायको गेल्यापासून, त्यांची वाट बघायला दारावरच्या कुलपाशिवाय कुणी नव्हतं.

"बाबा, खाट राहू दे ना इथंच," लेक म्हणाली.

"खाट सोडून मी कुठे जात नसतो."

आणि जोडलेली खाट दारातून जात नव्हती.

"ग्राइंडर दे इकडे," ते म्हणाले. "कापूनच काढतो एकेकाला."

लेकीने ग्राइंडर दिला आणि कानांवर हात ठेवले. गुडघा बरा झाल्याचा पुरावा द्यावा तसे सासरे सरपटत खाटेखाली शिरले. जावयाने उजेड धरला. सगळे त्या कर्कश आवाजाची वाट बघत राहिले. आवाज काही आला नाही.

बऱ्याच वेळाने खाटेखालून प्रश्न आला. "हे वॉशर कुणी घातले?"

"मी," जावई पुटपुटला.

जिथे जिथे स्टील अ‍ॅल्युमिनियमला भिडत होतं, तिथे तिथे मध्ये पांढरा प्लॅस्टिकचा वॉशर होता. एकही जागा चुकली नव्हती. सासऱ्यांनी पाइपावरून बोट फिरवून बघितलं. खिडकीतली ओल, रोजची फरशी पुसणं, आणि तरी अ‍ॅल्युमिनियमवर पांढऱ्या भुकटीचा कणसुद्धा नाही. दोन वेगळे धातू नुसते टेकले आणि त्यांत पाणी शिरलं, की त्यातला एक दुसऱ्यापायी झिजून जातो, हे ते खाट जोडली त्या दिवशी म्हणाले होते खरे. पण ते अर्धवट झोपेत, आणि एकदाच. कारखान्यात हाताखालच्या पोरांना हीच गोष्ट वर्षानुवर्षं सांगूनही कळली नव्हती.

ते खाटेखालून बाहेर आले. केसांत जळमट अडकलं होतं. नटाला सोडून त्यांनी पहिल्यांदाच सरळ जावयाकडे बघितलं.

"जावईबापू, मी झोपेत बरळलो ते वॉशरचं तुमच्या बरोबर ध्यानात राहिलं. आणि ग्रीसची अख्खी ट्यूब तुमच्या हातात दिली होती, ती तेवढी विसरलात?"

जावयाने टॉर्च विझवला.

"विसरलो नाही, बाबा. कोरडा नट मशीनने आवळलात तर ही खाट या खोलीतून पुन्हा निघायची नाही, असं तुम्हीच बजावलं होतंत ना? तुमचा डोळा लागला, आणि मी खालच्या सुताराकडून मशीन मागून आणलं."